काळ्या लाडवांचं रुखवत

माझ्या नणंदेची होणारी सासू पाण्याचा एक घोट घेऊन ते कुठल्या विहिरीचं आहे हे सांगायची. पाणी कुणी शेंदलं आणि शेंदणारीचं त्या सकाळी नवऱ्याशी भांडण झालं होतं की नाही, तेही सांगायची, असं किन्हवलीकडचे लोक म्हणत. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घातलंच असेल तर चिमूटभर. मिठाशिवाय भात खपतो, गोष्ट खपत नाही.

लढाईची वर्षं होती. साखर डोळ्यांना दिसणं बंद झालं होतं. आमच्या गावातल्या मुलांना साखर पांढरी असते हे पटवून द्यावं लागे. आमचं गाव मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या बाजूला. घरात सासूबाई, मी, आमचे हे आणि ह्यांची धाकटी बहीण. ह्यांचं काम गवताच्या गासड्या लॉरीत भरून कल्याणच्या लष्करी छावणीत पोचवायचं. तिथे म्हणे खेचरं होती आणि ती आमच्या गवताशिवाय दुसऱ्या गवताला तोंड लावत नसत. हे ह्यांचं म्हणणं. खेचरांना मी विचारलेलं नाही.

नणंदेचं लग्न किन्हवलीला ठरलं. मुलगा कल्याणला नोकरीला. सुपारी फोडायला ती मंडळी आमच्याकडे आली त्या दिवशीच तिच्या सासूची जीभ आम्हाला कळली. मी घावन वाढले. तिने पहिला तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "तांदूळ जुना हाय. नारळ कालचा. आन् वाटताना वरवंट्याला लसणीचा वास होता."

मी दाराआड उभी होते, तिथेच माझा हात हुंगून पाहिला. होता वास.

सगळं गोडीत चाललं होतं. शेवटी सासूबाईंनी हळूच विचारलं, "पोरीला म्हश्याच्या जत्रेला धाडाल ना, विहीणबाय? जत्रेला घर भरतं आमचं. ती नसली तर चैन नाय पडायची." म्हसा आमच्या जवळचं गाव, पौषात तिथे मोठी जत्रा भरते.

विहीणबाई पान लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आमच्यात सून आली की आली. थोरलीला चार सालं झाली, म्हायेराचं तोंड बघितलं नाय तिनं. काय बिघडलं? चांगली वाटोळी झालीया."

ती थोरली सून त्यांच्या मागेच बसली होती. वाटोळी कसली, पदराचं ओझं तिला जड होत होतं.

आमची नणंद म्हणजे गावाचा भोंगा. ती अंगणात हसली तर पलीकडच्या वाडीतल्या कोंबड्या खुराड्यात शिरत. हे ऐकल्यावर ती बोलेचना. चुलीशी बसून राहिली आणि रिकाम्या टोपावर झाकण ठेवत होती, काढत होती. लग्नाला तिची ना नव्हती. पण वर्षातून एकदा म्हश्याला यायचं, आईच्या मांडीवर डोकं टाकायचं, माझ्याशी भांडायचं, मैत्रिणींबरोबर बैलबाजारात फिरायचं, हेही नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यातलं पाणीच गेलं.

मला ते बघवेना. माझं एक वाईट आहे, मला काही बघवेनासं झालं की जीभ आपली आपण चालते. मी दाराआडून बोलले, "विहीणबायना येवढी पारख हाय, तर रुखवतात आमी असा जिन्नस ठेवू, की तो कशाचा हे त्यांना सांगता यायचं नाय."

ओटीवरची पुरुष मंडळी तंबाखू चोळायची थांबली.

"कोन बोललं ते?" विहीणबाई म्हणाल्या.

"आमची सून," सासूबाई म्हणाल्या. ज्या आवाजात माणूस "आमच्या छपराला आग लागली" म्हणतो त्या आवाजात.

"बरं बोलली. ठेवा जिन्नस. कशाचा हाय ते मला सांगता आलं नाय तर माझ्या सवताच्या बैलगाडीत घालून सुनेला दर साली म्हश्याच्या जत्रेला धाडीन. आन् सांगितलं, तर पयलं पोर होईस्तोवर म्हायेराचं नाव काढायचं नाय. हाय कबूल?"

सगळ्यांच्या देखत. पान, सुपारी आणि पंच साक्षीला.

"कबूल," मी म्हणाले. घरात माझं चालायचं किती, तर तव्यावरच्या भाकरीवर. पण कबूल म्हणून बसले.

मंडळी गेल्यावर सासूबाईंनी मला जे ऐकवलं ते लिहायला कागद पुरणार नाही. नणंद मात्र माझ्याजवळ आली आणि इतकंच म्हणाली, "वयनी, हाय का तुझ्याकडं काय?"

"हाय तर," मी म्हणाले. माझ्याकडे ठणठणाट होता.

बाहेरच्या लोकांना सांगायला हवं, रुखवत म्हणजे मुलीकडच्या बायकांची फौज. लग्नाच्या दिवशी आपल्या हातचे गोडाधोडाचे जिन्नस टोपल्यांत भरून, डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत, वराकडची मंडळी उतरतात त्या जानोशावर चाल करून जायचं. तिथे टोपल्या उघडायच्या. वरमाईने नावं ठेवायची, आम्ही उलटून बोलायचं. त्या दिवशी कुणी कुणाचं मनावर घ्यायचं नसतं आणि सगळे जन्मभर मनात ठेवतात.

मी महिनाभर डोकं खाजवलं. मोहाची फुलं आठवली, आंबोशी आठवली, जांभळाच्या बिया आठवल्या. ह्या सगळ्या वस्तू त्या बाईने पाळण्यात असतानाच ओळखल्या असणार. आणि मग एक दिवस आमचे हे कल्याणहून आले, ते काखोटीला कागदात गुंडाळलेल्या तीन विटा घेऊन.

"काय हाय?"

"चाकलेट. एका गोऱ्या सोजिरानं दिलं. त्याच्या बदली कोंबडा मागितला."

"कुठला कोंबडा?"

ह्यांनी परसाकडे पाहिलं. आमचा लाल कोंबडा सकाळपासून दिसत नव्हता. लॉरीतून कल्याणला गेला होता. पुढे त्याला पलटणीत हवालदाराचा हुद्दा मिळाला आणि सगळी छावणी त्याच्या आरवण्यावर उठायला लागली, असं हे शपथेवर सांगत.

ते चॉकलेट आजच्यासारखं मऊ नव्हतं. लढाईवर जाणाऱ्यांच्या खिशात टिकावं म्हणून भाजून काढल्यासारखं कडक. सासूबाईंनी विळीवर धरलं तर विळीच कुरकुरली. कपचा निघाला तो त्यांनी जिभेवर ठेवला आणि थुंकल्या. "औशीद हाय. जुलाबाचं."

नणंदेने चाखलं. मी चाखलं. कडू, आणि कडूच्या मागून कुठूनतरी लांबून गोड. नणंद माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. आजूबाजूच्या पंचवीस गावांत ही चव ज्याच्या तोंडाला लागली असेल असा माणूस आम्हाला आठवेना.

आता आत काय घालायचं? मुरबाडच्या बाजारात घाटावरून आलेले शेंगदाणे मिळाले. आमचा मुलूख भाताचा. दाणे आम्हाला पाहुण्यासारखे, कधीतरी यायचे, मूठभर खायचे. ते भाजले, पाखडले, गूळ चिरला आणि म्हटलं, कूट करू, लाडू वळू.

इथे आमच्या हातांनी घात केला. आम्ही बायका जन्मभर भात कांडलेल्या. उखळाभोवती तिघी उभ्या राहिलो, एकीचं मुसळ वर, एकीचं मधे, एकीचं खाली, आणि गाणं सुरू झालं. भात कांडताना मुसळ गाण्याबरोबर थांबतं. कुणी आत वाकून बघत नाही. तांदूळ काय, कांडाल तितका पांढरा होतो. त्या दिवशी नणंदेला मायेचं भरतं आलेलं, तिने माहेर सुटण्याचं गाणं धरलं. ते गाणं म्हणजे आमच्याकडे दुपारी सुरू केलं तर दिवे लागायला संपतं. सासूबाई रडत कांडत होत्या, मी रडत कांडत होते. गाणं संपलं तेव्हा उखळात कूट नव्हतंच. दाण्यांना तेल सुटून त्यांचा पिवळा, चकचकीत, ओला लगदा झाला होता. मुसळ वर काढलं तर बरोबर उखळच उठायला लागलं.

"कुनी सांगितलं येवढं कांडायला?" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"तुमीच तर जोर लावत होतात."

"मी रडत होते. मला काय दिसतंय?"

नणंदेने बोट बुडवून चाटलं. मग दुसरं बोट. मग आम्ही तिघींनी बोटं मोजायचं सोडून दिलं. लोण्यासारखं ते टाळूला चिकटत होतं, आणि चिकटलं की माणसाला बोलता येत नव्हतं. सासूबाई पाव तास गप्प होत्या. आमच्या घरात असं सुख त्याआधी आलं नव्हतं.

पण लाडू वळेना. हातावर घेतला की पसरायचा, जखमेवरच्या पोटिसासारखा. शेवटी भाजलेलं तांदळाचं पीठ घातलं, गूळ घातला, तेव्हा तो गोळा म्हणवून घ्यायला तयार झाला.

चॉकलेटचं दुसरंच. सासूबाई म्हणाल्या, पाक करतात तसं करू, आणि त्यात त्यांनी फुलपात्रभर पाणी ओतलं. एका क्षणात त्याचा मुरूम झाला. नुसता खडीचा रस्ता. ती वीट गेली. ती आम्ही नंतर म्हशीच्या आंबोणात घातली. दुसऱ्या दिवशी म्हशीने दूध दिलं ते कुठल्या रंगाचं होतं हे मी सांगणार नाही, कारण तुमचा माझ्यावरचा विश्वास मला टिकवायचा आहे.

दुसरी वीट मी पाण्याचा थेंब न लागू देता निखाऱ्याच्या उबेवर ठेवली आणि उरलेल्या लगद्यावर आलेलं दाण्याचं तेल पळीने काढून तिच्यात सोडलं. ती वितळली. काळी, दाट, नागाच्या पाठीसारखी चमकत. खराट्याची नवी काडी गोळ्यात खुपसायची, गोळा बुडवायचा, पळसाच्या पानावर ठेवायचा. तिसरीही वितळवली. टोपलीभर काळे लाडू झाले, पण आळेचनात. वैशाखातली दुपार, पत्रावळीवर त्यांची तळी व्हायला लागली.

गावात थंड जागा एकच, विहिरीचा तळ. मोठ्या पितळी डब्यात पानांच्या थरांवर लाडू रचले आणि डबा दोराने विहिरीत, पाण्याच्या वर हातभर, टांगून दिला. आता गावच्या बायका पाण्याला येणार, डबा बघणार, उघडणार. म्हणून मी लगोलग पाणवठ्यावर सांगितलं, "आत नवसाचा डबा सोडलाय. जी वाकून बघंल तिचे केस गळतात म्हणे." दोन दिवस सगळ्या बायका डोळे मिटून पाणी शेंदत होत्या. एकीने कळशीऐवजी पोरालाच दोर बांधला होता, वेळेवर कळलं म्हणून बरं.

डबा वर काढला तेव्हा लाडू दगडासारखे आळले होते. खालच्या बाजूला पळसपानाच्या शिरा जशाच्या तशा उमटल्या होत्या.

लग्नाचा दिवस. वराकडची मंडळी आंब्याखाली मांडव टाकून उतरलेली. आम्ही टोपल्या उचलतोय, गाण्याचा पहिला शब्द तोंडात आलाय, तेवढ्यात आमचे हे डोकं खाजवत आले.

"गो, येक इचारू? जावई कल्याणला लष्कराच्या गोदामात मालावर हाय ना?"

"मग?"

"गोदामात चाकलेटच्या पेट्या असतात."

महिनाभर आम्ही सासूची जीभ तोलत बसलो होतो. पोराची जीभ कुणाच्या लक्षातच आली नव्हती. मुलगा कल्याणला नोकरीला आहे याचंच कौतुक आम्ही गावभर केलं होतं.

नणंद हळदीच्या पिवळ्या लुगड्यात पाटावर बसली होती. तिने ऐकलं. "वयनी, ते सांगतील?"

"मला काय म्हाईत? तुझा नवरा."

"माझा कवा झाला? मी त्यांचं तोंडबी नीट बघितलं नाय. सुपारीच्या दिशी पाय दिसले. पाय बरे होते."

पायांवर भरवसा ठेवून आम्ही निघालो.

मांडवात विहीणबाई जाजमावर मधोमध बसलेल्या. शेजारी नवरदेव, मुंडावळ्या बांधून, हातात लिंबू टोचलेली कट्यार घेऊन. मागे थोरली सून. टोपल्या उघडत गेलो. विहीणबाई प्रत्येक जिनसाचा तुकडा मोडायच्या आणि बाजूला ठेवायच्या. "करंजी. सारणात खसखस कमी, हात आखडला. अनारसे. तांदूळ तीन दिस भिजायला पायजे, दोनच भिजलाय. चकली. ही कुनी शेजारनीनं केलीया, तुमच्या घरची नाय." खरं होतं.

मग मी पळसपानावर काळा लाडू पुढे केला. मांडवातला कलकलाट बसला.

त्यांनी आधी हुंगला. मग चावला. "आत दाने हायत. घाटावरचे. भाजून कांडलेत, पन कांडनाऱ्या येड्या होत्या. गूळ जुना. आन् भाजल्या तांदळाचं पीठ." मी नवरदेवाकडे चोरून पाहिलं. "आता वरचं काळं."

त्या चघळत राहिल्या. "काकवी? नाय. करपलेला गूळ? नाय. नाचनी? नाय. काताचं पानी?" उन्हाने लाडू पाघळून बोटांना, हनुवटीला, नाकाच्या शेंड्याला लागला. त्यांनी दुसरा घेतला, चौथा घेतला. नथीला काळे मणी लोंबायला लागले. मांडवात हसायची कुणाची टाप नव्हती. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

शेवटी त्यांनी बोटं चाटली आणि मान वळवली. "पोरा, तू चार देशीचा माल बघतोस. खाऊन सांग, काय हाय हे?"

नवरदेवाने लाडू उचलला. चावताच त्याचा चेहरा बदलला. ओळख पटलेल्या माणसाचा चेहरा लपत नाही. मी मनात नणंदेची गाडी म्हश्याच्या वाटेवरून मागे फिरलेली पाहिली.

"काय रे?"

"येकात नाय कळत," तो म्हणाला आणि दुसरा घेतला. मग तिसरा. मग त्याने कट्यार मांडीवर ठेवली, मिशीला लागलेलं काळं पुसलं, आणि सरळ आईच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "नाय बा, आये. आसलं कल्याणात कुठं नाय."

त्याचे दोन्ही कान मात्र कुंकवासारखे लाल झाले होते.

विहीणबाई त्या कानांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "हरले," त्या म्हणाल्या. "सून जत्रेला जाईल."

तेवढ्यात मागून, चार वर्षं कुणी ऐकला नसेल असा बारीक आवाज आला. "आई, गाडीत दोघींना जागा हाय."

थोरली सून. ती पंचांकडे बघत होती, सासूकडे नाही. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "गाडी जातेच हाय म्हश्याला, तर रिकामी कशाला न्यायची?" आणि मांडवभर हशा पिकला. विहीणबाईंना नाही म्हणायचं होतं, पण टाळूला दाण्याचा लगदा चिकटला होता. तोंडातून नुसतं "हं" निघालं. लोकांनी ते होकारात धरलं.

मी धावत घरी आले. नणंदेने जत्रेचं काही विचारलंच नाही. "ते काय बोलले?" एवढंच.

"धडधडीत खोटं बोलले. तीन लाडू खाऊन."

ती हसली. जानोशावरचे बैल दावं तोडून उठले, असं तिकडून आलेल्यांनी सांगितलं.

पौषात म्हश्याच्या जत्रेला गाडी आली. थोरली बैल थांबायच्या आधीच उतरली आणि जत्रेला आलेल्या आपल्या माहेरच्या माणसांच्या दिशेने अशी पळाली की वहाण रस्त्यातच राहिली. तिच्या मागून नणंद उतरली, जावई उतरले, आणि सगळ्यांत शेवटी, बोचकं घेऊन, विहीणबाई. आमच्याकडे मुक्कामाला.

रात्रीचं जेवण संपायच्या आधीच त्यांनी मला गाठलं. "आता सांग. ते काळं कशाचं होतं?"

खरं सांगितलं तर जावयाचं खोटं उघडं पडणार. मी म्हणाले, "झाडाची साल हाय. सिद्धगडावर मिळती. पार वर, कड्याच्या पोटात येकच झाड. साल काढताना बोलायचं नाय."

"येकच झाड?"

"येकच."

विहीणबाई जावयाकडे वळल्या. तो भाकरीचा घास हातात धरून बसला होता. "तू कल्याणात आसलं बघितलं न्हवतंस ना रे?"

"नाय, आये."

"मग सकाळी गडावर जा. साल घेऊन ये. घरी करून बघू."

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी भातात बघत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते. विहीणबाई शांतपणे त्याच्या लाल कानांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

पहाटे नणंदेने त्याला भाकरी आणि सुकट बांधून दिली. आमच्या ह्यांनी कोयता दिला. आणि तो जवान माणूस, जत्रा सोडून, जगात नसलेल्या झाडाची साल आणायला मुकाट सिद्धगडाच्या वाटेला लागला. बोलायचं नाही, एवढी अट त्याने चोख पाळली.